माझ्या पडद्यावरचं फुकट

मित्रांनो, मी बक्स फोर्कच्या लायब्ररीतला चार नंबरचा कॉम्प्युटर. म्हणजे होतो. आता चार नंबरच्या टेबलावर दुसराच कोणी बसलाय, पातळ, चकचकीत, अंगात आवाज नसलेला. मी तळघरात आहे. एका बाजूला नाताळच्या झाडाचं खोकं, दुसऱ्या बाजूला पाय मोडलेली खुर्ची. माझा पंखा घरघरतो म्हणून मला काढलं असं सांगतात. घरघरायचा, खोटं कशाला बोलू? खोटं दाखवायचं काम माझ्याकडून पुष्कळ करून घेतलंय लोकांनी, आता स्वतःच्या तोंडाने आणखी नको. तीच गोष्ट सांगायला बसलोय. ऐकायचं तर शेवटपर्यंत ऐका. अर्धवट उठून जाणाऱ्यांचा मला भारी कंटाळा आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. एक लांबलचक सरकता पट्टा आणि त्याच्या दोन्ही अंगांना हातमोजे घातलेल्या बायका. एकीने माझे स्क्रू पिळले, एकीने तारा जोडल्या, आणि शेवटचीने माझा पडदा पुसून त्यात बघत आपले केस सारखे केले. माझ्यात उमटलेला तो पहिला चेहरा. छान हसली होती ती. नंतर मला थर्माकोलमध्ये कोंबलं आणि कित्येक दिवस बोटीच्या पोटात मी अंधार खात पडलो.

जाग आली ती अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात. सरकारी अनुदानातून आम्ही सहा जण आलो होतो. रिबीन कापली, इथल्या रीतीने बिस्किटं आणि रस्सा झाला, पाद्रीबुवांनी आशीर्वादही दिला. लायब्ररी सांभाळायची नोरीन ब्लेव्हिन्स. तोंडाने भलती फटकळ. पण कोणी माझ्यासमोर कॉफीचा कप आणून ठेवला, की लांबूनच ओरडायची, "अहो, त्याच्या अंगावर सांडलीत तर तुमच्या बायकोला सांगेन हं!" बायको नसलेलेही कप उचलायचे.

तेव्हा खाणी नुकत्याच बंद पडल्या होत्या. मोठमोठे बाप्ये माझ्यासमोर येऊन अवघडून बसायचे. कोळसा त्यांच्या हातांच्या रेषांत कायमचा मुरलेला. एकेक बोटाने अक्षर हुडकत ते नोकरीचे अर्ज लिहायचे. एकाला लेक्सिंग्टन शहरात गोदामात काम लागलं, तर त्याने येऊन माझ्या पडद्याचा मुका घेतला. नोरीन म्हणाली, "पुसून जा तो!" पण हसत होती. माझी तीन अक्षरं झिजून कोरी झाली, तरी लोक मलाच मागायचे. बाकीचे पाच जण सारखे रुसायचे. मी घरघरायचो, पण चालायचो.

आमच्याकडे एक नियम होता. माणशी एक तास. उठलं की मशीनचं डोकं पुसलं जायचं, म्हणजे एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला दिसू नये. चांगला नियम. पण मित्रांनो, डोकं पुसता येतं. ज्या अंगावर माणसांनी इतकी वर्षं हात ठेवले, ते अंग कसं पुसाल? मला सगळं आठवतं.

आता टॅक्सच्या हंगामाचं सांगतो. तुम्हाला ठाऊक नसेल तर ऐका. वर्षभर पगारातून सरकार टॅक्स कापतं. वर्ष सरलं की आपण कागद भरून हिशेब द्यायचा, त्याला रिटर्न म्हणतात. जास्त कापलं गेलं असेल तर ते परत येतं, तो रिफंड. आमच्या डोंगरात रिफंड म्हणजे दुसरा नाताळच. गाडीचं काम? रिफंड आला की. दाढ काढायची? रिफंड आला की. एका जोडप्याने तर लग्नच रिफंडपर्यंत लांबवलं होतं. फेब्रुवारी उजाडला की माझ्यासमोर रांग लागायची, आणि बहुतेक सगळे फुकटात रिटर्न भरून देतो म्हणणाऱ्या एकाच कंपनीच्या हिरव्या साइटवर जायचे. तिचं नाव मी घेणार नाही. फुकटात जाहिरात करायची सवय त्यांना, मला नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, एका गुरुवारी दुपारी ट्वायला स्टॅम्पर आली. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. अंगाला मक्याच्या पावाचा वास, केसांवर जाळीचा वळ तसाच. शनिवारी ती डोंगरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना किराणा पोचवायची, फोनवरून मागवलेला, त्याचे फेरीमागे थोडे पैसे मिळायचे. नवरा कधीच सोडून गेलेला. एकच मुलगी, शेल्बी, ती सैन्यात भरती होऊन कॅरोलायनातल्या छावणीत शिकत होती.

"नोरीन, एक मशीन दे गं. घरघरणारंच दे, मला त्याची सवय आहे."

"चारवर बस. काय म्हणते शेल्बी?"

"रविवारी फोन आला होता, तीन मिनिटांचा. त्यात दोन मिनिटं मी रडले." ट्वायला हसली, पण खुर्चीवर बसताच तिचा आवाज बदलला. "नोरीन, महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी त्यांचा समारंभ आहे. तिथे काय करतात माहितीये का? पोरं मैदानात ताठ उभी राहतात. मुंगी चावली तरी हलायचं नाही. मग घरची माणसं मैदानात जातात आणि आपल्या पोराच्या खांद्याला हात लावतात. हात लागला की मगच ते पोर हलायचं. शेल्बी म्हणाली, 'मम्मा, तू येईपर्यंत मी हलणार नाही.'"

"मग जा की!"

"जाणारच आहे! पण गाडीचे टायर गुळगुळीत झालेत, त्या टायरांवर डोंगर उतरले तर पोरीऐवजी यमालाच हात लावेन. रिफंड आला की टायर, पेट्रोल, एका रात्रीचं मोटेल. सगळं बसतंय. आज भरलं तर तीन आठवड्यांत येतो म्हणतात."

"रिटर्न भरायला आलीस होय? मग इथे कशाला बसतेस? आत जा. गुरुवार आहे ना, प्रुइट सर मागच्या खोलीत बसलेत. सगळ्यांचे भरून देतात. एक पैसा घेत नाहीत."

ट्वायलाने पर्स छातीशी धरली. "म्हणजे धर्मादाय?"

"धर्मादाय कसला डोंबलाचा! सरकारनेच शिकवून बसवलेत त्यांना."

"फुकट मदत म्हणजे धर्मादायच. आमच्या घरात कोणी हात पसरला नाही, नोरीन. बाबा खाणीतून येऊन रात्र रात्र खोकायचे, तेव्हाही नाही."

"आणि हे हिरवं फुकट बरं चालतं तुला!"

"ही ऑफर आहे. कंपनी देते, मी घेते. त्यात उपकार कुठे आला?" मग तिने आवाज खाली आणला. "आणि प्रुइट सरांना माझा पगार दाखवू? शाळेत त्यांनी मला गणितात नापास केलं होतं. आकडा बघून म्हणतील, बरोबरच केलं होतं मी." तिने माझ्या डोक्यावर थाप मारली. "हे बरं. याला बघून लाजायला नको."

मित्रांनो, त्या थापेने मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. प्रुइट सर आत एकटेच बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. दुपारभर त्यांच्याकडे कुणी फिरकलंच नव्हतं. आमच्या डोंगरातले सगळे असेच. दुकानाच्या फळीवर फुकट लिहिलं की धावतील, आणि माणसाने फुकट देऊ केलं की मान ताठ.

आणि मग मी ते पान दाखवलं. दाखवावंच लागतं हो! तारेतून जे येतं ते दाखवायचं, एवढंच आमच्या हातात. फुकट, फुकट, हमखास फुकट. इतकं मोठं, की चष्मा काढूनही वाचता यावं. "नमस्कार ट्वायला! आपण मिळून करू या!" मिळून म्हणे! मिळून कोण? ती आणि मी दोघंच तर होतो तिथे.

ती भरत गेली. नाव, पत्ता, लग्न आहे का, मोडलं का, मुलं किती. शाळेच्या पगाराचा कागद समोर धरून एकेक आकडा ती दोनदा तपासत होती. वर कोपऱ्यात रिफंडचा आकडा हिरव्या रंगात चढत होता. आकडा थोडा चढला की ती पुटपुटायची, "टायर झाले." आणखी चढला, "मोटेल झालं." मग एकदा जरा थांबून, "पोरीला कुठेतरी बसवून जेवू घालता येईल." इतकी खूश झाली होती बाई. मीसुद्धा क्षणभर खूश झालो, वेड्यासारखा.

तास संपत आला, नोरीनने वेळ वाढवून दिला. आणि तेव्हा प्रश्न आला, याशिवाय काही कमाई?

"नोरीन, शनिवारच्या किराण्याचापण कागद आलाय. तो दाखवायचा ना?"

"दाखव बाई. सरकारकडे त्याची प्रत गेलेलीच असते."

ट्वायलाने खरं उत्तर दिलं. लगेच रंगीत कागदांचा पाऊस पडला माझ्या पडद्यावर. अभिनंदन! तुम्ही उद्योजक आहात!

"अगं नोरीन, मी उद्योजक झाले!"

"मग पार्टी दे."

दोघी हसल्या. खालची ओळ अजून वाचायची होती. फुकट योजना साध्या रिटर्नसाठी आहे, तुमचं रिटर्न साधं नाही, तुमच्यासाठी योग्य योजना निवडली आहे. आणि खाली किंमत. ट्वायलाचं हसू तोंडावरच वाळलं.

"माझं साधं नाही? भाड्याच्या घरात राहते, दोन कागद आहेत माझे. याहून साधं काय असतं? राणीचा मुकुट घालून येते का मी इथे?"

तिने मागे जायचं बटण दाबलं. मागे गेलात तर भरलेलं सगळं जाईल. तिने बोट झटकन उचललं. मग पानभर शोधलं. अगदी तळाशी, राखेसारख्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं सापडलं, 'फुकट योजनेतच राहा.' ते दाबलं तर प्रश्न, शनिवारची कमाई काढून टाकायची आहे का?

ट्वायलाने ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे खोटं बोलले तर फुकट?" ती म्हणाली. विचारलं मलाच. मी घरघरलो, दुसरं काय करणार?

खोटं बोलायला ती तयार नव्हती. दीड तास भरलेलं टाकून उठायलाही तयार नव्हती. त्या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं, मित्रांनो. म्हणून किंमत दारावर लावत नाहीत. माणूस आत आला, थकला, त्याने आपलं सगळं समोर मांडलं, की मग आतल्या खोलीत लावतात. हा चोरटेपणा मी हजार वेळा पाहिला आणि हजार वेळा माझा जीव जळला.

तिने ती योजना घेतली. पुढचं पान. राज्य सरकारचा टॅक्स वेगळा, त्याच्या रिटर्नचे वेगळे पैसे. "ते फुकटात नव्हतं?" नव्हतं. पुढचं पान. सरकारकडून रिटर्नची तपासणी आली तर तुमचा बचाव कोण करणार, ट्वायला? त्याच्या खुणेवर आधीच टिक मारलेली. तिने टिक काढली. नक्की? आजकाल तपासण्या वाढत आहेत. 'तपासणी' शब्द वाचून तिच्या मानेवर घाम आला. खाणीच्या ऑफिसातून तपासणी आली की बाबांची पाळी कापली जायची, ते तिच्या डोक्यात बसलेलं. तिने टिक परत मारली. कोपऱ्यातला हिरवा आकडा मघापासून उतरत होता. आता "टायर झाले" म्हणणारं कोणी नव्हतं.

मग मी एक केलं. ठरवलं, आता अडून बसायचं. पंखा गरगर फिरवला, पडदा गोठवला, जागचा हललो नाही. वाटलं, कंटाळून उठेल, मागच्या खोलीत जाईल, सर एकटेच तर आहेत. ट्वायलाने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "चल रे बाबा, चल. तू तरी नको अडवू." नोरीनने येऊन मला बंद करून चालू केलं. आणि त्या लबाड पानाने काय म्हणावं? काळजी नको, ट्वायला, तुमची सगळी माहिती आम्ही जपून ठेवली आहे! पैसे भरायचं पान जिथल्या तिथे हजर.

इतक्यात प्रुइट सर खोलीला कुलूप लावून निघाले. बगलेत थर्मास, हातात ते अर्धवट शब्दकोडं. आमच्यापाशी थांबले.

"कशी आहेस, ट्वायला? शेल्बी बरी आहे ना?"

"बरी आहे, सर." तिने पर्स उचलून माझ्या पडद्यासमोर धरली.

"काही अडलंय का? मला घाई नाही. घरी मांजरच आहे वाट बघायला."

त्या पर्सच्या मागून मी मनात ओरडत होतो. सांग, बाई! म्हण, अडलंय! त्या म्हाताऱ्याला किती आनंद होईल!

"नाही हो, सर. झालंच सगळं."

सर "बरं बरं" म्हणत गेले. त्यांच्या मागे दार मिटलं.

ट्वायलाच्या कार्डात तेवढे पैसे नव्हते, आणि पानाला तेही ठाऊक असावं. आज एक पैसाही भरू नका! आम्ही रिफंडमधूनच कापून घेऊ! तिने सुटकेचा श्वास सोडला. "हे बरं आहे. आज काही नाही ना, मग झालं. मोटेल राहू दे, गाडीतच झोपेन." बटणाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की त्या कापून घेण्याचेही पैसे पडतील, आणि सरकारकडून येणारा रिफंड आधी त्यांच्या ओळखीच्या एका बँकेत जाईल, तिथे कापाकापी होईल, उरेल ते मग ट्वायलाकडे. किती दिवसांत, ते लिहिलं नव्हतं. मी तेही दाखवलं, पण डोळे थकलेल्या बाईला बारीक अक्षरं दिसत नाहीत. तिने बटण दाबलं. पुन्हा रंगीत कागदांचा पाऊस.

मग ती दर दोन-तीन दिवसांनी यायची, शाळा सुटल्यावर. सरकारचं पान उघडून बघायची. मिळालं आहे. पाहणी चालू आहे. मंजूर. "मंजूर झालं गं!" म्हणून तिने नोरीनला मिठीच मारली. समारंभाच्या आधीच्या सोमवारी पान म्हणालं, पाठवला. ट्वायलाने तिच्या बँकेचं पान उघडलं. काही नव्हतं. मंगळवारी काही नव्हतं. सरकारचे पैसे त्या मधल्या बँकेत जाऊन बसले होते.

बुधवारी दुपारी ती कामावरून थेट आली, अंगावरचा एप्रनही न सोडता. हिरव्या साइटवर मदतीचं बटण होतं. ते दाबलं. नमस्कार ट्वायला! मी पेनी, तुमची मदतनीस! ट्वायलाने लिहिलं, माझे पैसे कुठे आहेत? पेनी म्हणाली, छान प्रश्न! रिफंड म्हणजे काय ते वाचायचं आहे का? ट्वायलाने लिहिलं, मला माणूस पाहिजे. पेनी म्हणाली, नक्की! खऱ्या माणसाशी बोलण्यासाठी वरची योजना घ्या.

"मेल्यांनो!" ट्वायला ओरडली. सबंध लायब्ररी वळून बघायला लागली. "मेल्यांनो, माझी पोरगी उभी राहील तिथे!"

नोरीन धावत आली. "हे बघ, माझं कार्ड घे. गाडी पण माझी घे, टायर नवे आहेत. आत्ता निघालीस तर रात्रीपर्यंत पोचशील."

"तुझ्या आईच्या औषधांचे पैसे आहेत ते."

"आईचं मी बघेन. घे म्हणते ना!"

"येतील गं. बँका मध्यरात्री जमा करतात. बारा वाजता आले की तशीच निघेन. पेट्रोलपंपावरचा बिली तिथेच टायर बसवून देतो, त्याला सांगून ठेवलंय."

"ट्वायला, जगात कोणाकडून तरी घे गं कधीतरी!"

"मी कधी घेतलेत का, नोरीन?" तिने हे अगदी हळू विचारलं. नोरीनने कार्ड टेबलावर आपटलं आणि रडत आत निघून गेली. ट्वायलाने ते कार्ड उचलून तिच्या पुस्तकांखाली नीट ठेवलं आणि घरी गेली.

मध्यरात्री पैसे आले नाहीत.

गुरुवारी नोरीनने दार उघडलं तर ट्वायला पायरीवर बसलेली. निळा चांगला झगा, ओठांना रंग, केस वळवलेले. समारंभासाठी तयार होऊन रात्रभर बसली होती ती. ती येऊन माझ्यासमोर बसली. छावणीवाले समारंभ थेट दाखवतात, आणि तिच्या घरी दरीत तारेचा फोन तेवढा, मोबाइलला रेंज नाही. नोरीन तिच्या खुर्चीमागे उभी राहिली.

मी जमेल तितकं स्वच्छ दाखवायचा प्रयत्न केला, मित्रांनो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपला पडदा मोठा असता तर. मैदानावर धूर सोडला, बँड वाजला, आणि धुरातून ती पोरं चालत आली. शेकडो. सगळी एका कापडात, एका उंचीची, एका चेहऱ्याची. आली आणि दगडासारखी उभी राहिली.

"ती कुठली?" ट्वायला म्हणाली. "नोरीन, माझी कुठली?"

मग कोणीतरी भोंग्यातून काही सांगितलं, आणि लोक पायऱ्यांवरून मैदानात धावले. फुगे घेऊन, फलक घेऊन, तान्ही पोरं काखेला मारून. जिथे जिथे हात लागला तिथे तिथे एकेक दगड वितळला. मिठ्या, किंकाळ्या, टोप्या खाली पडलेल्या. मैदान मोकळं होत गेलं. पुढे दहा-बारा जण उरले. मग पाच. ती पाचही समोर बघत होती, हात बाजूला, हनुवटी वर.

डावीकडच्या एकीवर ट्वायलाचे डोळे खिळले. "हीच. ही मान शेल्बीची आहे." चित्र अंधूक होतं, मलाही नीट दिसत नव्हतं. ट्वायलाने हात पुढे केला आणि माझ्या काचेवर, त्या इवल्याशा खांद्यावर बोट टेकवलं. गार पडलेलं बोट.

"आले गं," ती म्हणाली. "आले. हल आता."

ती हलली नाही. ट्वायलाने बोट काढलं नाही. पुन्हा टेकवलं, जोरात, काच चेपेपर्यंत. "हल की, बाळा!" मित्रांनो, माझ्या अंगातून कितीतरी गोष्टी कुठून कुठे जातात. पैसे जातात, कागद जातात, सरकारपर्यंत सही जाते. एका आईचं बोट मला पलीकडे नेता आलं नाही. मी फक्त गरम झालो. तेवढ्यात कॅमेरा बँडवाल्यांकडे वळला, आणि शेजारच्या पट्टीत त्या हिरव्यांची जाहिरात लागली. नोरीनने ती हाताने झाकली.

रिफंड सोमवारी आला. कापून कापून उरलेला. ट्वायलाने टायर बदलून घेतले, कारण ते तसेही बदलायचेच होते.

शेल्बीचा फोन त्याआधी, रविवारी आला होता. ट्वायलाने सोमवारी येऊन नोरीनला सांगितलं, कोरड्या आवाजात, परत करायचं पुस्तक टेबलावर ठेवता ठेवता. "डावीकडची नव्हती ती. मागच्या रांगेत होती, चित्रात आलीच नाही. शेवटी दुसऱ्याच एका मुलाची आई आली म्हणे, तिने हात लावला. शेल्बी तिला मम्मा म्हणाली, चुकून." एवढं बोलून ती गेली. त्यानंतर ती माझ्यासमोर कधी बसली नाही. पुढच्या वर्षी नवे कॉम्प्युटर आले आणि मला खाली आणलं.

तर मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असलं काही मी मागणार नाही. माझं काय राहिलंय? पण तुमच्या घरात कोणी, आई असो, काका असो, शेजारची मावशी असो, पडद्यासमोर एकटं बसून कपाळाला आठ्या घालून काही भरत असेल, तर "काही अडलंय का?" एवढंच विचारून निघून जाऊ नका. नाही म्हणतील. लाजेने म्हणतील, अभिमानाने म्हणतील. तरी खुर्ची ओढा आणि बसा. तळाची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवा. रागावले तर रागावू द्या. पडद्यावर कितीही गोड शब्द लिहिलेले असोत, त्याच्या आत कोणी नसतं. मी आत होतो. मला माहीत आहे.